मदत हवी आहे: बाप्पाचं पांढरं उपरणं केशरी येतंय

मंडळी, घरच्या गणपतीचे फोटो दरवर्षी बिघडतात. मूर्तीवर एक पिवळा बल्ब, बाजूला दोन समया आणि मखराला आईने हौसेने लावलेली पांढऱ्या एलईडीची माळ. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल साधणारं सेटिंग) ऑटोवर ठेवला की उपरणं केशरी. त्यातलं पिवळ्या बल्बसाठीचं टंगस्टन निवडलं तर उपरणं सुधारतं, पण माळ आणि मागची भिंत निळी होते. आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटोवर ६४०० ला जातो आणि मखरात रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. १६०० वर अडवला तर शटर १/१५ सेकंदावर येऊन फोटो हलतो. फ्लॅश नको, समईची मजाच जाते. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स १८-५५ मिमी आहे, ५५ वर झूम करून काढतो. काय चुकतंय?

प्रतिसाद १:
दिवे तीन रंगांचे आणि सेटिंग एकच, कॅमेरा तरी काय करणार! उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा कमी तितका उजेड पिवळा: ज्योत १९०० केल्विनच्या आसपास, पिवळा बल्ब २७००, पांढरी एलईडी ६०००च्या घरात. फोटोपुरती माळ बंद करा (आईंना विचारून). मग व्हाइट बॅलन्स हाताने २८०० केल्विनवर ठेवा आणि थोडा थोडा वाढवत न्या. उपरण्यावर किंचित पिवळसर झाक राहू द्या, नाहीतर देवघराचं शोरूम होतं.

प्रतिसाद २:
अहो, मूर्ती कुठे हलतेय? कॅमेरा स्टुलावर ठेवा, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. तुमच्याच आकड्यांनी शटर एक सेकंदाच्या आसपास येईल. आरतीच्या वेळी माणसं हलतात, तेव्हा मात्र आयएसओ ३२०० सोसायचा. आणि झूम कमी करा. ५५ वर लेन्स एफ ५.६ पर्यंतच उघडते (हा आकडा लहान तितकं तोंड मोठं), १८ वर ३.५ मिळतो, म्हणजे अडीचपट उजेड. पण १८ वर फार जवळ गेलात तर सोंड फुगते. २४-२८ बरं.

धागाकर्ता:
स्टूल, आयएसओ १००, ३००० केल्विन. उपरणं पांढरं आलं! पण जास्वंदीचा नुसता लाल डाग दिसतोय, पाकळ्या गायब. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर तर बरोबर दाखवतोय.

प्रतिसाद १:
पिवळ्या उजेडात लाल चॅनल आधी फुटतो (लाल रंग कमाल मर्यादेला जाऊन तपशील पुसले जातात), साध्या हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) ते कळत नाही. लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा, एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) २/३ स्टॉप उतरवा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), पिक्चर स्टाइलमधलं सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) कमी करा. आणि यंदा रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) काढाच. व्हाइट बॅलन्स विसर्जनानंतरही बदलता येतो.