ओल्या दोरावर प्रुसिक आवळते, दुसरी कोणती गाठ?

वाईचा_झाडकरी:
आंबा-चिंचेच्या छाटणीला दोरावर चढतो. मुख्य दोर १२ मिमी, त्यावर ८ मिमीची प्रुसिक, म्हणजे मुख्य दोराला वेढून वजन धरणारी गाठ. पावसात भिजली की अशी आवळते की उतरताना दोन्ही हात गुंततात. धरणारी पण सरकणारी गाठ कुणी वापरता का?

मिरजकर_दोर:
दादा, ब्लेकची गाठ शिका. मुख्य दोराभोवती चार वेढे वर चढवा. टोक खाली आणून पुढच्या आडव्या दोरावरून (कमरपट्ट्याकडे जाणाऱ्या भागावरून) घ्या, मुख्य दोरामागून नेऊन खालच्या दोन वेढ्यांच्या आतून ओवा. टोकाला आठाची गाठ हवीच! हाइन्झ प्रोहास्कांनी ही १९८१ मध्ये मांडली, जेसन ब्लेकनी १९९४ मध्ये झाडकऱ्यांपर्यंत नेली. आज ती आपल्याला माहीत आहे, कारण दोघांनी ती छापून दिली. तुम्हालाही नवा वेढा सुचला तर इथे टाका.

कराडची_माळीण:
भराभर उतरू नका हो. घर्षणाने नायलॉन वितळून गुळगुळीत होतो, मग गाठ धरत नाही. आधी कमरेच्या उंचीवर पूर्ण वजन टाकून बघा.

वाईचा_झाडकरी:
उद्याच खालच्या फांदीवर बघतो. मिरजकर, मागच्या बाजूचाही फोटो टाका, तिथेच चुकायची भीती आहे.