'रबोंझूर'ला मराठीत काय म्हणाल?

उंबरठा: एका फ्रेंच कथेचं भाषांतर करते आहे. ल्यों शहर. एक बाई सकाळी बेकरीत शिरते, 'बोंझूर मादाम'. विसरलेली पिशवी न्यायला तासाभरात परत येते, तेव्हा बेकरीवाली हसून म्हणते, 'रबोंझूर!' संध्याकाळी तिसरी खेप, तेव्हा 'बोंस्वार'. पहिल्याला 'नमस्कार' भागेल. पण 'पुन्हा एकदा नमस्कार' म्हणजे सूत्रसंचालक माईकवर परतल्यासारखं वाटतं. संपादक म्हणतात पहिल्याला 'सुप्रभात' करा. सुचवा.

वेलांटी: 'सुप्रभात' अजिबात नको. बोंझूर सकाळचं नाही, दिवस कलेपर्यंत चालतं. 'बाँ मातँ' (शब्दशः 'शुभ सकाळ') असं फ्रान्समध्ये कुणी म्हणत नाही. बोंस्वार साधारण पाच-सहाला सुरू होतं, हिवाळ्यात अंधार लवकर पडतो तेव्हा थोडं आधीच. घड्याळाची रेघ नाही. समोरच्याने बोंस्वार म्हटलं की आपणही तेच म्हणायचं. आणि 'र' लावायचं कारण असं, की त्याच माणसाला त्याच दिवशी दुसऱ्यांदा कोरं बोंझूर केलं तर सकाळची भेट तुम्ही विसरलात असा अर्थ होतो. म्हणून मराठीत सरळ 'काय, परत?' लिहा.

पूर्णविराम: 'काय, परत?' मध्ये 'तुम्ही कशाला आलात' असा वास येतो. 'या, या' बरं.

माझी हरकत पहिल्याच 'नमस्कार'ला आहे. तिथलं बोंझूर आदर दाखवायला नसतं, तो उंबरठा ओलांडायचा परवाना आहे. आत शिरून थेट 'एक बागेत' (तो लांबट पाव) म्हणालात तर बेकरीवाली पाव देण्याआधी तुम्हाला ठसक्यात 'बोंझूर' ऐकवते. म्हणजे आधी तुम्ही म्हणा. क्रम ठरलेला: बोंझूर मादाम, तिच्या उत्तरापुरतं थांबणं, मग मागणी आणि 'सिल व्हू प्ले' (प्लीज), पैसे, 'मेर्सी' (धन्यवाद), 'बॉन झूर्ने' (दिवस चांगला जावो), 'ओरव्वार' (निरोपाचं). पहिलं गाळलंत तर पुढच्या कितीही सिल व्हू प्लेंनी भरपाई होत नाही. आपल्याकडे दुकानात 'ओ काका, एक ब्रेड द्या' यात उद्धटपणा नाही. त्यामुळे 'नमस्कार' घातला की मराठी वाचकाला ती बाई विमा विकायला आली आहे असं वाटणार.

चकली_कमी_तिखट: हे सगळीकडे का? मेट्रोत शिरून डबाभर बोंझूर करायचं?

पूर्णविराम: नाही. मेट्रो, गर्दीचा रस्ता, सुपरमार्केटच्या रांगा इथे केलंत तर लोक दचकतील. पण त्याच सुपरमार्केटच्या गल्ल्यावर, बसच्या ड्रायव्हरला, लिफ्टमध्ये म्हणतात. डॉक्टरकडे बाहेर ताटकळणाऱ्या अनोळखी मंडळींनाही. तिथे 'मेस्यो-दाम' (बाप्ये-बायका सगळे) जोडून सगळ्यांना एकदमच.

काजूफेणी: अवांतर, पण 'बोंझूर' काय अन् 'बोंजूर' काय, दोन्ही चूक. अनुस्वारापुढे ज-झ आला की मराठी जीभ 'पंजा'तला ञ काढते. फ्रेंचमध्ये तिथे व्यंजनच नाही, 'ओ'च नाकातून येतो. कोकणीत 'हांव' म्हणताना स्वर जसा नाकात जातो, तसा. पुढचा ध्वनी ज नाही, झ नाही. 'श्श्श' करत राहा, कंठावर बोट ठेवा आणि त्याच श्वासात आवाज काढा. बोटाला कंप लागला की तो.

वेलांटी: मग लिहायचं कसं? नुक्ता देऊन?

काजूफेणी: न लिहिलेलं बरं.

पूर्णविराम: लिपी वाचकासाठी असते, कंठासाठी नाही. 'बोंजूर' रुळलंय, राहू द्या.

चकली_कमी_तिखट: मित्रांतलं 'साल्यू' म्हणजे आपला 'सलाम'च ना? अरबांकडून स्पेनमार्गे गेला असणार.

वेलांटी: नाही हो. सलाम अरबीतल्या स-ल-म धातूचा, शांती-सुरक्षितता. साल्यू लॅटिन 'सालूस'चा, म्हणजे आरोग्य, कुशल. दिसायला भाऊ, नातं काही नाही. साम्य शोधायचंच तर 'रामराम'शी शोधा: साल्यू येतानाही चालतं, जातानाही. मात्र ज्यांना 'व्हू' (आदरार्थी 'तुम्ही') म्हणता त्यांना साल्यू नको. त्याहून लाडिक 'कुकू', कोकिळेवरून. लहान मुलांशी तोंड लपवून खेळतानाही तेच, आपल्या 'बुवा कुक'सारखं.

चकली_कमी_तिखट: बघा, 'कुक'! इथे तरी नातं आहे.

वेलांटी: आवाजाची नक्कल आहे ती. नातं कसलं?

उंबरठा: कथेत ती निघताना 'बॉन स्वारे' म्हणते. शब्दकोशात 'शुभ रात्री' दिलंय.

पूर्णविराम: शब्दकोश फसवतो आहे. 'शुभ रात्री' म्हणजे 'बॉन न्वी', ते अंथरुणाकडे निघालेल्याला. दुकानदाराला सात वाजता म्हणालात तर 'आता झोपा' असं होईल. 'स्वार' म्हणजे संध्याकाळ हा बिंदू, 'स्वारे' म्हणजे तिचा पुढचा पल्ला. झूर-झूर्ने तसंच, मातँ-मातिने तसंच. येताना बिंदू, जाताना पल्ला. मराठीत 'चला, येते' पुरे.

माँट्रियलकर: वर कुणी 'बाँ मातँ म्हणत नाहीत' म्हणालं, ते फ्रान्सपुरतं. कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेकमध्ये सर्रास म्हणतात. शुद्धतावादी त्याला इंग्रजीची नक्कल म्हणून नाकं मुरडतात, लोक म्हणतात ते म्हणतातच. 'आलो' (हॅलो) फ्रान्समध्ये फक्त फोनवर, इथे समोरासमोरही. आणि माँट्रियलच्या दुकानांतलं 'बोंझूर-हाय' तर विधानसभेपर्यंत गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिथे एकमताने ठराव झाला, की दुकानदारांनी नुसतं बोंझूर म्हणावं. ठराव तसाच आहे, बोंझूर-हायही तसंच आहे.

काजूफेणी: म्हणजे 'शुभ प्रभात' फॉरवर्ड करणाऱ्यांवर ठराव आणायचा झाला तर...

वेलांटी: आणा, मी अनुमोदन देते. 'शुभ प्रभात' मराठी नाहीच.

पूर्णविराम: रोज सकाळी लाखो मराठी माणसं लिहितात, तरी मराठी नाही? मग 'टेबल'ही परत करा.

चकली_कमी_तिखट: एक राहिलं. बेकरीवालीला आडनाव आहे का कथेत? 'नमस्कार अमुकबाई' करता येईल.

पूर्णविराम: आडनाव जोडू नका. जुन्या फ्रेंच शिष्टाचारात नुसतं 'मादाम', पत्राच्या मायन्यातही. आडनाव लावलं की हाताखालच्या माणसाला हाक मारल्यासारखं होतं. आणि तरुण आहे म्हणून 'मादम्वाझेल' (कुमारी)ही नको. सरकारी फॉर्मांवरून तो शब्द २०१२ च्या परिपत्रकाने गेला.

वेलांटी: फॉर्मवरून गेला, तोंडातून नाही. कथा कोणत्या सालातली आहे यावर ठरेल.

उंबरठा: साल दिलेलं नाही. पिशवी मात्र प्लास्टिकची आहे.