मदत हवी आहे: पाणबुडीतला १८ तासांचा ‘दिवस’ का मोडीत काढला?

ध्रुवतारा: पाळ्या आणि झोप या विषयावर टिपण करतोय. अमेरिकी आण्विक पाणबुड्यांवर कित्येक दशकं ६ तास वॉच (म्हणजे कामाची पाळी), १२ तास मोकळे असं चक्र होतं. २०१४पासून ते ८ आणि १६ वर आणलं. तीन दिवसांचा हिशेब मांडला तर वॉच दोन्हीकडे २४ तासच भरतो. मग फरक कशाने पडतो?

गोधडी: हिशेब बरोबर, पण घड्याळ बघा. सोमवारी सकाळी ६ला वॉचवर आलेला खलाशी त्यानंतर सोमवारच्या मध्यरात्री, मंगळवारी संध्याकाळी ६ला, बुधवारी दुपारी १२ला आणि गुरुवारी परत सकाळी ६ला. दर फेरीत झोप सहा तास अलीकडे सरकते. शरीराचं घड्याळ २४ तासांहून जेमतेम दहा-बारा मिनिटं लांब. उजेडाच्या जोरावर ते दिवसाला तासभर सरकेल, सहा तास नाही. मग ते नाद सोडतं आणि आपल्याच चालीने चालतं. बंक (झोपायची फळी) मोकळा, पण डोळा लागत नाही. आणि शरीराचे पहाटेचे चार वाजतात तेव्हा माणूस सोनार यंत्राच्या (आवाजावरून पाण्यातल्या वस्तू शोधणाऱ्या) पडद्यासमोर बसलेला. शिवाय ते १२ तास नावालाच मोकळे: देखभाल, सराव, परीक्षेचा अभ्यास, साफसफाई, सगळं त्यातच.

ध्रुवतारा: मग ८ तासांत खोट काहीच नाही?

रातकिडा: आहे की. शेवटचे दोन तास. पडद्यावर काहीच घडत नसताना लक्ष टिकवणं सगळ्यात अवघड. माणसं पुरत असतील तर वॉचमध्येच जागा बदला. दुसरी गोची सरावाची. आगीचा सराव रोज दुपारीच घेतलात तर त्या वेळी झोपणाऱ्या तुकडीचीच झोप दरवेळी मोडते; सरावाची वेळ फिरवत राहा. तुकड्यांच्या पाळ्या बदलायच्या तर पुढे ढकला, मागे ओढू नका, आणि दर आठवड्याला तर मुळीच नको. आठ तासांचा बदल अंगवळणी पडायलाच आठवडा जातो. प्रखर निळसर पांढरा उजेड वॉचच्या सुरुवातीला, झोपेआधी मंद पिवळसर. कॉफी झोपेच्या सहा तास आधी बंद.

ध्रुवतारा: ब्रिटिश पाणबुड्यांवरचं ६ तास काम, ६ तास आराम?

गोधडी: ते २४ तासांत बसतं, त्यामुळे घड्याळ जागेवर राहतं. पण झोपेचे दोन तुकडे होतात. सहा तासांतून जेवण, आंघोळ, पाळी सोपवणं वजा करा; हातात सलग चार-साडेचार तास उरले तर नशीब.