अनुभव धागा : रंगीत गोळ्यांचे, थराथरांचे शॉट्स

बहिणीच्या तिसाव्या वाढदिवसाला काय करायचं ते महिनाभर आधीच ठरलं होतं. काचेच्या बरणीत भरून ठेवलेल्या रंगीबेरंगी गोळ्या दिसतात ना, तसा दिसणारा शॉट, म्हणजे एका घोटात संपणारं छोटं पेय. एका चिंचोळ्या पेल्यात पाच रंग, एकावर एक. स्किटल्सची मोठी पाकिटं आणली, रंग निवडून पाच बाटल्यांत घातले, वर व्होडका ओतली. 180 मिली व्होडकाला 60 गोळ्या. रात्रभरात साखर पार विरघळली आणि सकाळी खिडकीत त्या पाच बाटल्या उभ्या केल्या तेव्हा इतका आनंद झाला की फोटो काढत बसले.

संध्याकाळी भरायला घेतलं. लाल रंगावर चमच्याच्या पाठीवरून केशरी सोडला, तो सरळ लालमध्ये उतरला. पिवळा घातला, हिरवा घातला, आणि पेल्यात गढूळ तपकिरी पाणी. वाटलं हात थरथरतोय. बारा पेले भरले, बारा वेळा तेच. रडू आलं होतं खरंच.

कारण दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. पाचही बाटल्यांत व्होडका तितकीच, साखर तितकीच, म्हणजे पाचही रंगांचं वजन एकच. सारख्या वजनाची दोन द्रव्यं एकमेकांवर बसत नाहीत, हात कितीही स्थिर असो. साखर द्रवाला जड करते, अल्कोहोल हलकं करतं. ज्यात साखर जास्त ते तळाला, ज्यात अल्कोहोल जास्त ते वर. चमचा नंतर येतो.

मग स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला आणि प्रत्येक गोष्ट 100 मिली मोजून तोलली. पाणी 100 ग्रॅम. साधी व्होडका 95. माझी गोळ्यांची व्होडका 105. समान वजनाची साखर आणि पाणी घेऊन केलेला पाक 123. हे चार आकडे हाती आल्यावर पुढचं सोपं होतं. लाल व्होडकाच्या 60 मिलीत 40 मिली पाक घातला, झाली 112. केशरीच्या 80 मिलीत 20 पाक, 109. पिवळी तशीच ठेवली, 105. हिरवीत निम्मी साधी व्होडका, 100. आणि सगळ्यात वर साधी व्होडका, जांभळ्या गोळ्या दोन-तीनच सेकंद बुडवून नुसता रंग उतरवलेली. पाच थर, प्रत्येक रेघ स्वच्छ. बहिणीसाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा केले, तिने पेला उजेडात धरून पाहिला आणि बराच वेळ प्यायलीच नाही.

तुम्ही कोणी असे शॉट्स केले असतील तर लिहा. जमलेले लिहा, बिघडलेले तर नक्की लिहा. गोळ्यांचेच हवेत असं नाही. लिकरचे (म्हणजे गोड, स्वादाच्या दारूचे), जेलीचे, बिनदारूचे, सगळे चालतील.

निळाईतला

मी बरीच वर्षं बारमागे उभा राहून काम केलं आहे. तुमचं काट्याचं वाचून फार बरं वाटलं, कारण आम्ही नवीन मुलांना हेच शिकवायचो, फक्त तोलून नाही, पाठ करून. ग्रेनेडीन, म्हणजे डाळिंबाचा लाल पाक, सगळ्यात जड, पाणी 1 धरलं तर साधारण 1.18 घनता. कॉफी लिकर 1.15 च्या आसपास. ब्लू क्युरासाओ, संत्र्याच्या सालीच्या स्वादाची निळी लिकर, त्याच्या वर. आयरिश क्रीम (व्हिस्की आणि दुधाच्या क्रीमची लिकर) 1.05. व्होडका, टकीला, रम 0.95. पण कंपनीगणिक साखर बदलते, त्यामुळे नव्या बाटलीची चाचणी घेतल्याशिवाय वीस पेले मांडू नयेत.

थरांचं हे पेय काही आजचं नाही. एकोणिसाव्या शतकात कॉफीनंतर घ्यायचं म्हणून 'पूस-काफे' प्यायचे, त्यात चार-पाच, कधी सात लिकर एकमेकांवर चढवत. बी-52 हा त्याचाच नातू. तळाला कालुआ (कॉफी लिकर), मध्ये बेलीज (आयरिश क्रीम), वर ग्रां मार्निये (संत्र्याची लिकर), प्रत्येकी 20 मिली. थर शिकायचा असेल तर सुरुवात ह्यानेच करावी, कारण तिघांच्या वजनात चांगलं अंतर आहे आणि हात थोडा चुकला तरी ते सांभाळून घेतात.

हाताबद्दल दोनच गोष्टी. चमच्याची पाठ पेल्याच्या आतल्या भिंतीला टेकलेली हवी, खालच्या थराच्या किंचित वर. आणि धार दोऱ्याएवढी. दुसरं म्हणजे एकेक पेला पूर्ण करत बसू नका. सगळे पेले ओळीत मांडून आधी तळाचा थर सगळ्यांत भरा, मग दुसरा सगळ्यांत. एका बाटलीवर हात बसला की वीसही सारखे येतात.

आणखी एक, हे कळकळीने सांगतोय. वरच्या थराला काडी लावून पेटवायचा प्रकार घरी करू नका. दिव्यांच्या उजेडात ती ज्योत नीट दिसत नाही. माझ्यासमोर एकाने विझली समजून पेला उचलला, ओठ भाजला. काच तापते ते वेगळंच.

गाळणीवाली

गोळ्यांच्या व्होडकावर पांढरट साय येते तिचं काय केलंत? कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. गोळीवर चकाकीसाठी मेण असतं आणि आत थोडं तेलही. ते व्होडकात विरघळत नाही, वर तरंगतं. पहिल्यांदा मी चहाच्या गाळणीने गाळलं, सगळं खाली उतरलं. पातळ फडक्याने गाळलं, निम्मं उतरलं. शेवटी कॉफीचे कागदी फिल्टर वापरले. एका बाटलीला अर्धा-पाऊण तास लागतो, कागद मध्येच तुंबतो, दोनदा बदलावा लागतो. गाळण्याआधी बाटली काही तास फ्रीजरमध्ये ठेवली तर तेल-मेण घट्ट होऊन कागदावर अडकतं आणि काम निम्म्यावर येतं. व्होडका घरच्या फ्रीजरमध्ये गोठत नाही, काळजी नको.

गाळल्यावर जो रंग दिसतो तो काचेच्या खड्यासारखा. न गाळलेला आणि गाळलेला पेला शेजारी ठेवून बघा.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी जॉली रँचरसारखी कडक, पारदर्शक गोळी घ्यावी. ती जवळजवळ पूर्ण विरघळते.

तिन्हीसांज

माझा बिघडलेला अनुभव. लग्नाच्या वाढदिवसाला गुलाबी-पांढरा-पिवळा करायचा होता. पिवळ्यासाठी आंबट लिंबाच्या गोळ्या, पांढऱ्यासाठी आयरिश क्रीम. पिवळा तळाला व्यवस्थित बसला. त्यावर क्रीम सोडलं आणि डोळ्यांदेखत रेघेच्या जागी गुठळ्या व्हायला लागल्या, दूध नासावं तशा. नवरा म्हणाला चवीला चांगलं लागेल, पण ते जिभेवर घेववत नव्हतं.

आंबट गोळ्यांत सायट्रिक आम्ल असतं आणि आम्लाने दुधातलं केसिन हे प्रथिन फाटतं, एवढं साधं होतं ते. आता माझा नियम ठरला आहे. क्रीमचा थर असेल त्या पेल्यात आंबट काहीही नाही. मध्ये तिसरा थर घालून दोघांना लांब ठेवायचंही करून पाहिलं. पेल्यात टिकतं, पण एका दमात प्यायल्यावर तोंडात फाटतं. बटरस्कॉच, कॉफी, चॉकलेट, व्हॅनिला ह्यांच्याशी क्रीमचं छान जमतं. बटरस्कॉच श्नॅप्स (बटरस्कॉचच्या स्वादाची गोड दारू) खाली आणि आयरिश क्रीम वर, दोनच थर, चव अगदी मऊ टॉफीची. पाच रंगांपेक्षा मला आता हाच आवडतो.

रेघोट्या

रंगांबद्दल. नुसतं वजन बघून क्रम लावला की कधी कधी रंग फसतात. पिवळ्याला टेकून निळा आला की मध्ये हिरवी पट्टी दिसते, लाल-निळा शेजारी आले की जांभळी. कधी ती हवीशी असते, पण अपेक्षा नसेल तर चूक वाटते. मी कागदावर रंगीत पेन्सिलने पेला काढते आणि मग कुठल्या रंगात किती पाक घालायचा ते ठरवते. क्रम आपण ठरवायचा, साखर त्याच्यामागे चालते.

गोकर्णाची फुलं व्होडकात तासभर ठेवली की सुंदर निळा रंग उतरतो. त्याला आंबट थर टेकला की सांध्यावर जांभळा होतो. माझ्याकडच्या पाहुण्यांनी ह्याच पेल्याला सगळ्यात जास्त वेळ दिला.

पाचवा मजला

जेली शॉट्स. तीन रंग, सोळा तास, दोन प्रयत्न. पहिल्या प्रयत्नात हिरव्या थरासाठी ताजी किवी वाटून घातली. सकाळी उघडून बघितलं तर लाल घट्ट, पांढरा घट्ट, हिरवा पाणी. ताजी किवी, अननस, पपई ह्यांतली एन्झाइमं जिलेटिनचं प्रथिन तोडतात, ते जमतच नाही. डब्यातला अननस चालतो, कारण तो डबाबंद करताना तापवलेला असतो.

दुसऱ्या प्रयत्नात जे केलं ते लिहितो. 250 मिली द्रवाला 7 ग्रॅम जिलेटिन. आधी थंड पाण्यात पाच मिनिटं फुलवायचं, मग गरम रसात विरघळवायचं, भांडं खाली उतरवून कोमट झाल्यावर व्होडका. एकूण द्रवाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त व्होडका मी घालत नाही, नाहीतर जेली लिबलिबीत राहते. पहिला थर फ्रीजमध्ये अर्धा-पाऊण तास. बोटाला किंचित चिकटला पाहिजे पण ठसा उमटता कामा नये, तेव्हा दुसरा ओतायचा. पूर्ण कडक झाल्यावर ओतलात तर दोन थर खाताना सुटे होतात. आणि दुसरा थर गरम असताना ओतलात तर खालचा वितळतो. कोमट, हात सहज बुडवता येईल इतपतच.

जिलेटिन प्राणिजन्य असतं हे पाहुण्यांना आधी सांगा. शाकाहारींसाठी समुद्री शेवाळापासून केलेलं अगर-अगर वापरलं, पण ते खोलीच्या तापमानालाच घट्ट होऊ लागतं, त्यामुळे दुसऱ्या थरासाठी फार थोडा वेळ मिळतो.

मावशी

मला थरांपेक्षा दुसरंच सांगायचं आहे. आमच्या घरी कार्यक्रम होता, पुतणीने हे असे शॉट्स केले होते, फार देखणे. ताट बैठ्या टेबलावर. माझा सहा वर्षांचा भाचा आला आणि त्याने हिरवा पेला उचलला. उचलणारच, गोळ्यांचा वास, गोळ्यांचा रंग. माझं लक्ष होतं म्हणून हात धरता आला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे मुलं असतील त्या दिवशी हे शॉट्स होतच नाहीत. मोठ्यांच्या दिवशीही ताट उंचावर, आणि बाटल्यांवर ठळक अक्षरात काय आहे ते लिहिलेलं. उरलेली गोळ्यांची व्होडका सरबताच्या बाटल्यांशेजारी फ्रीजमध्ये ठेवायची नाही.

मोठ्यांनाही गोडव्यामागची दारू कळत नाही बरं का. 30 मिली व्होडकात साधारण साडेनऊ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. चार रंगीत पेले हसतखेळत संपतात आणि चढायला अर्धा तास लागतो. पुतणी आता 20 मिलीचेच पेले भरते, ताटात पाण्याचे ग्लास मिसळून ठेवते आणि गाडी कोण चालवणार ते आधी विचारते.

धागाकर्ती

मावशी, तुमचं वाचून उठले आणि फ्रीज उघडला. माझ्या दोन बाटल्या सरबताच्या शेजारीच होत्या. हलवल्या आणि चिठ्ठ्या लावल्या. मनापासून आभार.

कोरडा पेला

मी पीत नाही. दर पार्टीत माझ्या हातात शीतपेयाचा ग्लास आणि बाकीच्यांच्या हातात ती रंगीत गंमत, ह्याचं वाईट वाटायचं. म्हणून मी माझेच केले. 60 मिली कोमट पाण्यात तीन चमचे साखर, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात एक, चौथ्यात नाही. प्रत्येकात वेगळा खायचा रंग आणि वेगळा स्वाद. चारही एकसारखे गार करायचे. औषधाच्या सिरिंजने, सुई नसलेल्या अर्थात, पेल्याच्या भिंतीवरून हळू सोडायचे. चमच्यापेक्षा सिरिंज मला कितीतरी सोपी गेली. सगळ्यात वर अर्धवट फेटलेली क्रीम.

दारू नसल्यामुळे वजनातलं अंतर फक्त साखरेवर अवलंबून, त्यामुळे रेघा थोड्या लवकर धूसर होतात. तासाभराच्या आत प्यावेत.

काठावर साखर

पेल्याच्या काठाला मध लावून तोंडात तडतडणारी गोळी चिकटवा. पाणी किंवा लिंबाचा रस लावलात तर ती टेबलावरच तडतडून संपते, कारण ओल लागली की आतला कार्बन डायऑक्साइड सुटतो. मधात पाणी कमी असल्याने ती बराच वेळ शांत राहते. तरी पेला हातात द्यायच्या आधी एकच मिनिट लावावी. आमच्याकडे खोलीतले सगळे एकदम गप्प झाले होते, तोंडातला आवाज ऐकायला.

धागाकर्ती

सिरिंज आणि मध दोन्ही लिहून घेतलं. शनिवारी मैत्रिणी येणार आहेत. गाळून ठेवलेली लाल आत्ताच तोलली. ह्या वेळी 104 भरली, म्हणजे पाक थोडा वाढवावा लागणार.