अनुभव धागा: टोळकं, प्राग आणि एकच दिवस

शेवंती
काल एका पुस्तकातून प्रागच्या ट्रामचं जुनं तिकीट खाली पडलं, दोन शिक्के मारलेलं. ज्यांना माहीत आहे ते हसतील. शिक्का एकदाच मारायचा असतो, पहिल्या गाडीत चढल्या चढल्या पिवळ्या डब्यात (मेट्रोत खाली उतरायच्या आधी). तिथून 30 किंवा 90 मिनिटं मोजायची, मधे गाड्या कितीही बदला. दुसऱ्या गाडीत परत शिक्का मारला की तिकीट बाद, आणि तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

तर मंडळी, सहा-सात जणांचं टोळकं आणि प्रागमध्ये एकच दिवस. काय, कसं, कुठे फसतं ते लिहा. माझा क्रम: उजाडताना चार्ल्स पूल, पलीकडे माला स्ट्रानाच्या चौकात 22 नंबरची ट्राम, वर पोहोर्झेलेत्सला उतरायचं. तिथून स्ट्राहोव मठ, लोरेटा (तीर्थमंदिर), मग किल्ला, सगळं उताराने. उलटं केलंत तर अर्धं टोळकं दुपारीच बसकण मारतं.

खारे_शेंगदाणे
उतार हा लाखमोलाचा सल्ला. फक्त रविवार नको, किल्ल्यातलं कॅथीड्रल प्रार्थनेमुळे दुपारी 12 नंतर उघडतं. आणि किल्ल्याच्या दारात पिशव्या तपासू शकतात. सातजणांच्या सात सॅक म्हणजे रांग तुमचीच. दोन सॅक करा, बाकी हात मोकळे.

गोदाकाठ
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. बूट!! सगळीकडे दगडी फरशी, छोटे छोटे चौकोनी दगड, पाऊस पडला की गुळगुळीत. टाचेच्या चपला घरी ठेवा. बाकी नंतर.

विसोबा
संत व्हायटसचं कॅथीड्रल 1344 ला सुरू झालं आणि पूर्ण झालं 1929 ला. आपल्या गल्लीतल्या उड्डाणपुलाला नावं ठेवू नका.
आत डाव्या बाजूला चित्रकार म्यूखाची रंगीत काच आहे. दाराजवळचा थोडा भाग फुकट, पुढे तिकीट. त्याच तिकिटावर जुना राजवाडाही होतो. तिथला व्लादिस्लाव दिवाणखाना इतका मोठा की आत घोड्यावरून भाल्यांचे खेळ व्हायचे, म्हणून घोडेस्वारांसाठी वेगळा रुंद जिना. 23 मे 1618 ला ज्या खिडकीतून दोन अधिकारी आणि त्यांच्या चिटणीसाला खाली फेकलं ती खोली लगेच बाजूला. तिघेही वाचले, पण त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. आणि लोक त्या खोलीत सेल्फी काढून पुढे जातात.

चहाटळ
@विसोबा चिटणीस बिचारा फुकट गेला. कारकुनाचं नशीब सगळीकडे सारखंच 😄

रानमेवा
गोल्डन लेनसाठी एक युक्ती. किल्ल्याच्या आतल्या इमारती बंद झाल्या की (उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 4) ती गल्ली बिनतिकिटाची. घरांत जाता येत नाही, पण 22 नंबरचं निळं घर बाहेरून दिसतं. काफ्का 1916-17 मध्ये तिथे लिहायला बसायचा. मात्र त्यासाठी संध्याकाळी परत वर चढावं लागतं, टोळक्याचं मत आधी घ्या.

पैसाअडका
पैशाचं कोणी लिहिलं नाही अजून? तिकडे युरो नाही, कोरुना.
'0% कमिशन' या पाटीवर जाऊ नका. मोठ्या अक्षरात दिसतो तो त्यांचा विकण्याचा दर. तुम्ही युरो देणार, म्हणजे त्यांचा *खरेदीचा* दर पाहायचा, आणि नोटा सरकवण्याआधी विचारायचं, शंभर युरोचे हातात किती? फसलात तर पावती घेऊन तीन तासांत परत जा. 2019 पासून 1000 युरोपर्यंतचा व्यवहार रद्द करायचा कायदेशीर हक्क आहे. रस्त्यात कोणी 'चांगला दर' म्हणत आला तर चालते व्हा, कोरुना म्हणून भलत्याच देशाच्या नोटा हातात पडतात.
एटीएमने 'तुमच्या चलनात पैसे कापू का' विचारलं की नाही. कोरुनातच.

गोदाकाठ
आणि सुटी नाणी! स्वच्छतागृहाला लागतात. सातजणांत एकाकडेही नसतात, हे ठरलेलं.

कालनिर्णयी
ओर्लोय, म्हणजे जुन्या नगरभवनाचं खगोली घड्याळ (1410). तासाच्या ठोक्याला खाली पाचशे माणसं माना वर करून उभी, आणि एका मिनिटात खेळ खलास. सांगाडा घंटा ओढतो, वर दोन खिडक्यांतून प्रेषित फिरतात, शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. सकाळी 9 ते रात्री 11, दर तासाला. मान वर असताना हात खिशावर.
खरी मजा तबकडीत आहे, गर्दी पांगली की वाचा. सोनेरी पंजा रोमन आकड्यांवर 24 तासांची वेळ दाखवतो, बारा वर म्हणजे दुपार, बारा खाली म्हणजे मध्यरात्र. बाहेरच्या काळ्या कड्यावर जुने चेक तास: तिथला 24 म्हणजे सूर्यास्त. सूर्यास्त रोज सरकतो म्हणून ते कडंही वर्षभर पुढेमागे सरकतं. आपल्या घटका सूर्योदयापासून, यांचे तास सूर्यास्तापासून.
त्याच इमारतीपाशी फरशीत 27 पांढरे क्रूस आहेत, 21 जून 1621 ला तिथे 27 जणांना देहदंड झाला. लोक त्यावर उभं राहून कोंबडा बघतात.

खारे_शेंगदाणे
@कालनिर्णयी _/\_ घटकांचं भारी.

शाकाहारी_सुमी
जेवणाचं काय? आमच्यात तिघी शाकाहारी.

मटकीउसळ
@सुमी स्मझेनी सीर: चीजचा जाड तुकडा पिठात-ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळलेला, बटाटे आणि टार्टर सॉस (त्यात अंडं असतं). ब्रांबोराक म्हणजे बटाट्याचं थालीपीठच, लसूण आणि मार्जोरम घातलेलं, पण विचारा, डुकराच्या चरबीत तळतात पुष्कळदा. 'बेझ मासा' म्हणजे मांसाशिवाय. तरी 'हॅम चालेल ना?' विचारतील. सूपचं पाणीही हाडांचं असू शकतं. टेबलावर न मागता आलेली ब्रेडची टोपली फुकट नसते.
बिल येताना वेटर विचारेल 'दोहरोमादी की झ्व्लाश्त', एकत्र की वेगवेगळं. टोळक्याने झ्व्लाश्त म्हणायचं आणि आपण काय खाल्लं ते आठवायचं.

चहाटळ
झ्व्लाश्त! दिवाळीनंतरच्या हिशेबाला हाच शब्द.

अर्धालिटर
बिअरच्या यादीतला 10 आणि 12 हा अंश अल्कोहोलचा टक्का नव्हे, आंबवण्याआधीच्या रसातल्या साखरेचा. 10 ची साधारण 4 टक्के, 12 ची 5 च्या आसपास. वेटर चिठ्ठीवर रेघा ओढत जातो, ती चिठ्ठी हरवू नका. जुन्या गुत्त्यात ग्लास रिकामा दिसला की दुसरा येतोच. नको तर पुठ्ठ्याची चकती ग्लासावर ठेवा.
त्रदेल्निक (तो निखाऱ्यावरचा साखरेचा वेटोळा) 'जुनी प्राग परंपरा' वगैरे नाही. खायचा तर खा.

रानमेवा
शनिवारी योसेफोव (जुना ज्यू मोहल्ला) नको, ज्यू संग्रहालयाची सिनेगॉग आणि जुनी दफनभूमी बंद. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींच्या काळात मारल्या गेलेल्या जवळजवळ 78,000 जणांची नावं हाताने लिहिलीत. तिथे टोळक्याने गप्प.

विसोबा
पुलाचं राहिलं. मुहूर्त 1357, सातव्या महिन्याची 9 तारीख, पहाटे 5:31. म्हणजे 1 3 5 7 9 7 5 3 1, असं सांगतात. चुन्यात अंडी घातली अशीही आख्यायिका. वेल्वारीच्या लोकांनी म्हणे फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली 😂 पुलावरचे बरेचसे पुतळे आता प्रतिकृती, मूळ आत जपून ठेवलेत.

गोदाकाठ
ट्रामसमोरून रस्ता ओलांडताना जपा, झेब्रा पट्ट्यांवरसुद्धा ट्रामचा हक्क आधी.

पुणेरी_पाटी
देयवित्से भागात टागोरांच्या नावाचा रस्ता आहे, पाटीवर 'ठाकुरोवा'. मेट्रो देयवित्स्का.

शाकाहारी_सुमी
@मटकीउसळ आभार! व्हिएन्नाहून रेल्वेने किती वेळ?

मटकीउसळ
थेट गाडीने चार तास. डबा घेऊन बसा, थेपले टिकतात.

शाकाहारी_सुमी
थेपले की दशम्या?

चहाटळ
झालं, धागा भरकटला.