बुर्गुल म्हणजे दलिया का?

अक्षरखूण: लेबनीज पाककृती मराठीत लिहिताना 'बुर्गुल'साठी सर्रास दलिया लिहितात. दोन्ही गव्हाचे तुकडेच, मग बिघडलं कुठे?

जातं: बिघडतं ते ताटात. दलिया म्हणजे कच्चा गहू भरडलेला. बुर्गुलसाठी गहू आधी दाणा उकलेपर्यंत उकडतात, उन्हात खडखडीत वाळवतात, मग भरडून चाळतात. दाणा आधीच शिजलेला असल्यामुळे बारीक बुर्गुल नुसतं भिजवून खाता येतं. पोहे आणि तांदूळ यांच्यातला फरक आहे हा. पोहे भिजवले की झाले, तांदूळ कितीही भिजवा, दाताखाली कचकचणारच. चिमूटभर तळहातावर घेऊन बघा: दलियाची तुटलेली बाजू खडूसारखी पांढरी, बुर्गुलची डिंकाच्या खड्यासारखी पिवळसर.

शीत-भात: कोकण-गोव्यात 'उकडा तांदूळ' आहेच. त्याच चालीवर 'उकड्या गव्हाचा रवा' म्हटलं तर?

जातं: साहित्याच्या यादीत एकदा कंसात द्यायला उत्तम. पुढे मात्र बुर्गुलच लिहा, 'रवा' दिसला की वाचक भाजायला घेईल. आणि बारीक की जाड हे लिहिल्याशिवाय सोडू नका. तब्बूले आणि किब्बेला (खिमा-बुर्गुलचे गोळे) बारीक लागतं. जाड बुर्गुल भातासारखं शिजवायचं असतं.

अक्षरखूण: तब्बूलेला 'बुर्गुलची कोशिंबीर' म्हणू का?

पालेभाजी: मुळीच नको! लेबनॉनमध्ये ती पार्सलीची कोशिंबीर आहे, बुर्गुल नावापुरतं. चौघांसाठी पार्सलीची निवडलेली पानं २०० ग्रॅम, मूठभर पुदिना, ३ टोमॅटो, ३ पातीचे कांदे आणि बारीक बुर्गुल फक्त ३ मोठे चमचे. तेही पाण्यात भिजवायचं नाही. टोमॅटो चिरताना सुटलेला रस आणि २ लिंबांचा रस त्यावर घालून २० मिनिटं ठेवायचं. पाण्यात भिजवलेलं बुर्गुल आधीच तुडुंब होतं, मग आंबटपणा शोषायला जागा उरत नाही.

पार्सली धुऊन फडक्यावर अगदी कोरडी करा. ओली चिरली की लगदा होतो, मिक्सरमध्ये तर काळी पडते. धारदार सुरीने एकदाच बारीक चिरायची, ढिगावर पुन्हापुन्हा सुरी चालवायची नाही. मीठ आणि ५ मोठे चमचे ऑलिव्ह तेल वाढायच्या वेळी घाला, नाहीतर टोमॅटोचं पाणी सुटून तळाशी तळं साचतं. पार्सलीऐवजी कोथिंबीर घालणार असाल, तर खुशाल घाला, पण नाव बदला.

धातुपाठ: 'तब्बूले' शब्दाचं मूळ अरबी त-ब-ल, म्हणजे मसाला लावणं, चव आणणं. 'मुतब्बल' त्याच धातूतला. भाजलेल्या वांग्यात ताहिना (तिळाचं पातळ वाटण), लसूण, लिंबू घातलं की मुतब्बल. त्याला 'भरीत' म्हणायला हरकत नाही, फक्त फोडणी नसते. पुष्कळ हॉटेलांत यालाच बाबा गनूज म्हणून वाढतात. लेबनॉनमध्ये बाबा गनूज सहसा ताहिनाशिवाय असतं, त्यात टोमॅटो, कांदा आणि डाळिंबाचा आटवलेला रस पडतो.

ताहिनाला मात्र 'तीळकूट' लिहू नका. तीळकूट कोरडं, ताहिना तेल सुटेपर्यंत वाटलेलं आणि ओघळणारं. (ताहिनातला त-ह-न म्हणजे दळणं.) पाककृतीत एक सूचना हवीच: लिंबू पडताच ताहिना घट्ट होऊन गोळा होतं. ते फाटलेलं नसतं. गार पाणी चमचा-चमचा घालत घोटलं की पुन्हा सैल आणि पांढरंशुभ्र होतं.

शीत-भात: आणि लबने म्हणजे चक्काच ना?

धातुपाठ: हो, खारा चक्का. १ किलो दह्यात १ लहान चमचा मीठ कालवून फडक्यात १२ ते २४ तास टांगायचं. आपल्या उन्हाळ्यात फ्रिजमध्येच, नाहीतर आंबट ढाण होतं. एक घोटाळा 'लबन'चा: लेबनॉनमध्ये लबन म्हणजे दही, आखाती देशांत त्याच नावाने ताकासारखं पेय मिळतं. दुबईत राहणारा वाचक दह्याच्या जागी ताक ओतेल, म्हणून थेट 'दही' लिहा.

अक्षरखूण: मुजद्दराला 'मसूरभात' लिहिते आहे.

धातुपाठ: अर्थाने बरोबर. मूळ शब्दाचा अर्थ 'देवीचे वण असलेला'. पांढऱ्या भातात मसुराचे डाग दिसतात, त्यावरून. तो अर्थ तळटीपेत टाका. पाककृतीत कांदा 'परतून' नको, 'गडद तपकिरी होईपर्यंत तळून' लिहा. अर्ध्या कांद्याबरोबर मसूर शिजतो, उरलेला कुरकुरीत वर पडतो. गुलाबी कांद्याचा मुजद्दरा फिकट होतो आणि गोडसर लागतो.