मदत हवी आहे: हातातल्या जीपीएसवर जिओकॅशिंग शिकायचंय, मुलांना अजिंक्यताऱ्यावर न्यायचंय

भूगोलवाली, सातारा

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. अक्षांश-रेखांश मुलं छान पाठ करतात, पेपरात पूर्ण गुण घेतात. पण "आपण आत्ता उभे आहोत ती जागा आकड्यांत सांगा" म्हटलं की अख्खा वर्ग गप्प. हे मला फार खटकतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीच्या काही मुलांना घेऊन अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर जिओकॅशिंग खेळायचं मनात आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी ते आकडे घेऊन डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसाच परत ठेवायचा. पूर्वी अमेरिका सामान्य लोकांच्या जीपीएस सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटरनं हलायची. २ मे २००० रोजी ती बंद केली आणि ३ मेला डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात रानात एक बादली ठेवून आकडे इंटरनेटवर टाकले. तिथून हा खेळ जगभर गेला.

मावसभावानं मला त्याचं गार्मिन ईट्रेक्स १० दिलंय. साधं, काळ्यापांढऱ्या पडद्याचं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं. यंत्र चांगलं आहे, पण माहितीपुस्तिका नाही. अडचणी अशा:

चालत असताना बाण बरोबर दिशा दाखवतो, पण थांबून नीट बघायला जावं तर गरगर फिरायला लागतो. मग नेमकं कुठे वळायचं?

दुसरं म्हणजे मोबाइलवर गूगल मॅपमध्ये एखाद्या जागेचे जे आकडे दिसतात, तसे यंत्रात दिसत नाहीत. खेळाच्या संकेतस्थळावर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेले असतात. मुलांना शिकवण्याआधी हा गुंता मला स्वतःला सुटलेला हवा आहे.

आणि डबा लपवायचा झाला तर गडावर लपवलेला चालतो का? कुणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा. मोबाइलवर सगळं होतं हे मला माहीत आहे, पण मुलांनी आकडे वाचत चालावं अशी इच्छा आहे, निळ्या ठिपक्याच्या मागे नाही.

कातळवाट, वाई

ताई, बाणाचं आधी सांगतो. यंत्र बिघडलेलं नाही. ईट्रेक्स १० मध्ये होकायंत्राचा सेन्सर नाहीच. ईट्रेक्स ३० मध्ये तो आहे, १० आणि २० मध्ये नाही. तुमच्या यंत्राला फक्त तुमची जागा कळते. तुम्ही आत्ता इथे आहात आणि क्षणापूर्वी तिथे होतात, यावरून ते तुमची चालण्याची दिशा काढतं आणि बाण त्या हिशेबानं वळवतं. उभे राहिलात की जागेचा आकडा दोन-चार मीटर इकडेतिकडे हलत राहतो. यंत्राला वाटतं तुम्ही चालताय, म्हणून बाण फिरतो.

यावर उपाय चालण्याचाच. सरळ रेषेत वीस-तीस पावलं दमदार चाला, यंत्र समोर धरा, बाण स्थिर झाला की दिशेतलं एखादं झाड किंवा दगड डोळ्यांनी पकडा आणि तिकडे जा. अंतर दहा मीटरच्या आत आलं की बाणाकडे बघणं सोडून द्या, अगदी ठरवून. मोकळ्या आभाळाखाली यंत्राची स्वतःची चूक तीन ते पाच मीटर असते. ज्यानं डबा ठेवला त्याच्या यंत्राचीही तेवढीच. तिथून पुढे डोळे चालवायचे: मी इथे डबा लपवला असता तर कुठे ठेवला असता? नवीन माणसं तासभर शून्य मीटर गाठायच्या मागे लागतात आणि डबा तीन पावलांवर असतो.

सोबत एक साधं चुंबकी होकायंत्र ठेवा. यंत्रावर लक्ष्याची दिशा अंशांतही दिसते. तो आकडा होकायंत्रावर लावला की उभ्या उभ्याही दिशा मिळते. भूगोलाच्या बाईंना हे वेगळं सांगायला नको.

वारणाकाठ, सांगली

आकड्यांचा गुंता मी सोडवतो. जागा एकच, लिहायच्या रीती तीन. समजा गूगलवर अक्षांश १७.६७२५ दिसतो. हे नुसते दशांश अंश. दशांशानंतरचा भाग ६० नं गुणा: ०.६७२५ गुणिले ६० म्हणजे ४०.३५. म्हणून १७ अंश ४०.३५० मिनिटं. जिओकॅशिंगमध्ये हीच रीत चालते, मिनिटांनंतर तीन दशांश स्थळं. आता ०.३५ परत ६० नं गुणलं की २१. म्हणजे १७ अंश ४० मिनिटं २१ सेकंद. आपल्या पाठ्यपुस्तकातली रीत ती.

धोका शेवटच्या दोन रीतींत आहे. ४०.३५० मिनिटं हे कुणी ४० मिनिटं ३५ सेकंद असं वाचलं तर १४ सेकंदांचा फरक पडतो. अक्षांशाचा एक सेकंद साधारण ३१ मीटर, म्हणजे चारशे मीटरहून जास्त चूक. एवढ्यात माणूस गडाच्या दुसऱ्या अंगाला जाईल. उलट मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जेमतेम दोन मीटर, म्हणून शेवटचा आकडा गाळायचा नाही.

यंत्रात सेटअप, मग पोझिशन फॉरमॅट, तिथे अंश आणि दशांश मिनिटांची रीत निवडा. खालीच मॅप डेटम असतो, तो डब्ल्यूजीएस ८४ ठेवा. हा दुसरा पर्याय लोक बघतच नाहीत. यंत्र आधी कुणी वापरलेलं असेल तर हे नक्की तपासा.

भूगोलवाली, सातारा

दोघांचेही मनापासून आभार. आज संध्याकाळी मैदानावर चालून बघितलं, बाणाचं कोडं पूर्ण उलगडलं. पोझिशन फॉरमॅट अंश-मिनिटं-सेकंदांवर होता, तो बदलला. गुणाकाराची ही पद्धत मी थेट फळ्यावर घेणार आहे. गणिताचे सरही खूश होतील.

डेटमचं जरा उलगडून सांगाल का? आमच्या शाळेत सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना स्थलनिर्देशक नकाशा आहे. त्यावरून आकडे काढून यंत्रात घातले तर चालतील का?

मोजणीदार, कराड

मॅडम, त्याच कामात आयुष्य गेलं म्हणून सांगतो. पृथ्वी तंतोतंत गोल नाही, म्हणून मोजणीसाठी तिचा एक गणिती आकार धरावा लागतो आणि तो नेमका कुठे बसवायचा हे ठरवावं लागतं. यालाच डेटम म्हणतात. भारतातल्या जुन्या नकाशांसाठी एव्हरेस्ट १८३० हा आकार धरलेला होता. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ धरतं. दोन्हींत मध्यबिंदूच वेगळा, त्यामुळे त्याच दगडाचे आकडे वेगळे येतात. आपल्या भागात हा फरक शंभर मीटरच्या पुढे जाऊ शकतो. गावाच्या नकाशावर तो कळणारही नाही, पण डबा शोधताना सगळा खेळ बिघडेल. जुन्या नकाशावरून उंची, ओढे, वाटा बघा, आकडे घेऊ नका. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नव्या ओपन सीरीज नकाशांना डब्ल्यूजीएस ८४ आहे, ते चालतील.

आणि एक सुचवू का? पहिल्या दिवशी डबा लपवूच नका. ७४ अंश पूर्व रेखावृत्त आपल्या सातारा गावातूनच जातं. यंत्र हातात घेऊन पश्चिमेकडून पूर्वेला रस्त्यानं चालत जा. ७३ अंश ५९.९९८ मिनिटं, ५९.९९९, आणि मग ७४ अंश ००.०००. तो आकडा पलटतो ना, तो मुलांनी बघायला पाहिजे. पुस्तकातली उभी रेघ आपल्या गावातून, आपल्या पायाखालून गेलेली आहे हे तेव्हा कळतं. रस्त्यावर खडूनं खूण करून घ्या. दुसऱ्या दिवशी तीच खूण परत शोधायला लावा, काही मीटर सरकेल. यंत्राची अचूकता म्हणजे काय हे त्यातच शिकवून होतं.

भूगोलवाली, सातारा

मोजणीदार काका, काय सुंदर कल्पना आहे! इतकी वर्षं साताऱ्यात राहून मी हा विचार केला नव्हता. पहिला तास हाच. पालकांनाही बोलावते.

पायवाट, मेढा

डबा लपवण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. गडाच्या तटात, बुरुजात, दरवाज्याच्या दगडांत काहीही ठेवू नका. तिथला एक दगडसुद्धा हलवायचा नाही. मंगळाईच्या देवळातही नको. कासकडे तर विचारही नको. ते पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, फुलांच्या हंगामात वाट सोडून एक पाऊल टाकलं तरी रोप चिरडतं. जमीन वनखात्याची असेल तर त्यांना लेखी विचारा, खाजगी असेल तर मालकाला. शाळेचं आवार किंवा ओळखीच्या माणसाचं शेत ही सुरुवातीला सगळ्यात उत्तम जागा.

खेळाचे नियमही हेच सांगतात. खड्डा खणून डबा पुरायचा नाही, जागेच्या मालकाची परवानगी हवी, आत खाण्याचं काही ठेवायचं नाही. नोंदणी केलेल्या दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागतं. खाण्याचं का नाही, ते यवतेश्वर घाटातली माकडं बघितलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. डबा पारदर्शक घ्या आणि वर मराठीत ठळक लिहा: शाळेचा शैक्षणिक खेळ, आत फक्त वही आणि पेन्सिल. बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात, पोलिसांना फोन जातो. पेन नको, पेन्सिलच. ओलसर हवेत शाई पसरते.

मुलांना एक गोष्ट घोकून घोकून सांगा. दगडाखाली, कपारीत हात घालायचा नाही. आधी काठीनं हलवायचं, मग वाकून बघायचं. आपल्याकडे फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत आणि दिवाळीत गवत उंच असतं. कड्याजवळ आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता मागे फिरायचं. म्हणून डबा ठेवणाऱ्यानंच तो अशा जागी ठेवावा की हात न घालता दिसेल, झाडाच्या बुंध्यामागे कमरेच्या उंचीवर वगैरे. तिथे मजा कमी होत नाही.

भूगोलवाली, सातारा

पटलं. गडावर डबा ठेवायचा नाही हे ठरलं. गडावर आम्ही नुसते बिंदू शोधू: अमुक आकड्यांवर जा आणि तिथून काय दिसतं ते वहीत लिहा. डबे शाळेच्या आवारात आणि एका पालकांच्या शेतात, रीतसर विचारून.

आता शेवटचे दोन प्रश्न. डबा ठेवल्यावर त्याचे आकडे जास्तीत जास्त नेमके कसे घ्यायचे? आणि यंत्र एकच आहे, मुलं बरीच. सगळ्यांना काम कसं द्यायचं?

कातळवाट, वाई

आकड्यांसाठी यंत्रातच वेपॉइंट अ‍ॅव्हरेजिंग आहे, म्हणजे नोंदवलेल्या जागेच्या आकड्यांची सरासरी काढायची सोय. आधी मार्क वेपॉइंटनं जागा नोंदवा, मग मेनूतून अ‍ॅव्हरेजिंग सुरू करून यंत्र डब्याशेजारी ठेवा आणि टक्केवारी शंभर होईपर्यंत हलवू नका. हेच चार ते आठ वेळा करा, दोन नोंदींत निदान दीड तास जाऊ द्या. उपग्रह सारखे सरकत असतात, त्यामुळे वेगवेगळ्या वेळच्या नोंदींची सरासरी चांगली येते. शेतात हे सहज जमेल. दाट आंब्याखाली किंवा उभ्या कातळाला चिकटून डबा ठेवू नका. सिग्नल कातळावर आपटून येतो आणि यंत्र फसतं. बऱ्याच दिवसांनी यंत्र सुरू करत असाल तर मोकळ्यावर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा. उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरवून घ्यायलाच साडेबारा मिनिटं लागतात.

मुलांचं म्हणाल तर चौघांचा गट करा. एकाच्या हातात यंत्र, तो फक्त आकडे मोठ्यानं वाचणार. दुसऱ्याकडे होकायंत्र. तिसरा कागदावर अंतर आणि दिशा लिहून वाटेचा नकाशा काढणार. चौथा समोर बघणार: वाट, काटे, कडा. हे चौथं काम सर्वांत जबाबदारीचं आहे, ते सगळ्यात दंगेखोर पोराला द्या. प्रत्येक बिंदूला कामं बदला. बाकीचे गट तोवर मागे राहून तोच बिंदू कागदावर गणितानं काढतील.

निघण्याआधी पायथ्याचा वेपॉइंट नोंदवा आणि ट्रॅक, म्हणजे चाललेल्या वाटेची नोंद, चालू आहे ना ते बघा. धुकं आलंच तर ट्रॅकबॅक घेतलं की आलेल्या वाटेनंच उतरता येतं. सेल चार्जिंगचे असतील तर सेटअपमध्ये बॅटरीचा प्रकार निकेलवाला निवडा, नाहीतर किती उरली ते चुकीचं दिसतं. जादा जोडी पिशवीत, आणि सुट्टी संपली की सेल काढून ठेवा, गळतात.

वारणाकाठ, सांगली

माझ्याकडेही ईट्रेक्स १० आहे, द्राक्षबागेच्या कडा मोजायला घेतलं होतं. हंगामाची छाटणी उरकली की सध्या रिकामंच असतं. तारीख कळवा ताई, सागरेश्वरवरून येता येता देऊन जाईन. दोन यंत्रं झाली की एका गटानं लपवायचं आणि दुसऱ्यानं शोधायचं असं करता येईल.

भूगोलवाली, सातारा

दादा, नक्की कळवते. सुट्टीच्या पहिल्या रविवारी ७४ अंशांची रेघ आणि पुढच्या आठवड्यात शेतातले डबे असा बेत केला आहे. काका, तुम्ही कराडहून येऊ शकाल का? एव्हरेस्टचा आकार मुलांना तुम्हीच समजावून सांगावा अशी विनंती आहे.

मोजणीदार, कराड

येतो. शाळेतला तो जुना नकाशा बाहेर काढून ठेवा, भिंग असलं तर तेही.